तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पोयो’ की ‘पोशो’?

पुण्यात स्पॅनिश शिकवायला लागल्यापासून प्रत्येक बॅचमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक हात वर होतोच. “मॅडम, चिकनला पोयो म्हणायचं, पोजो की पोशो? यूट्यूबवर तिन्ही ऐकलं. आणि स्पेलिंगमध्ये तर दोन ‘एल’ आहेत!”

तिन्ही बरोबर, असं म्हटलं की चेहरे पडतात. फी भरून आलेल्या माणसाला एकच उत्तर हवं असतं.

माझी स्वतःचीही यात फजिती झाली आहे. अनुवादाची कामं घ्यायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हा ब्वेनोस आयरेसहून एका गृहस्थांचा फोन आला. “मे शामो...” आणि पुढे नाव. ‘माझं नाव अमुक’ या अर्थाचं ‘मे यामो’ मी घोकलेलं. मला वाटलं, शामो हे त्यांचं आडनाव! ‘सेन्योर शामो’ असा मायना घालून मी ईमेलही पाठवली.

तर या दोन ‘एल’चा मूळ उच्चार ‘ल्य’ असा होता. ल आणि य वेगवेगळे नाहीत, जीभ पसरून टाळूला टेकवली की एका झटक्यात येतो तो. म्हणजे ‘पोल्यो’. जीभ जरा सैल सोडा, ल गळतो, ‘पोयो’ उरतो. गंमत अशी की घराबाहेरच्या दगडी ओट्यालाही स्पॅनिशमध्ये ‘पोयो’च म्हणतात. ल्य आणि य एक झाले तेव्हा कोंबडी आणि ओटा हे उच्चारात एकच झाले, आणि कोणाचंही अडलं नाही. अर्जेंटिनात हाच य टाळूजवळ घासायला लागला, ‘ट्रेझर’मधल्या झसारखा. मग 20व्या शतकात, विशेषतः तरुण मुलींच्या तोंडी, त्यातला घोष, म्हणजे गळ्यातली थरथर, गेला आणि श झाला. माझे शामोसाहेब ते हेच.

फ्रेंचमध्ये ल गळण्याचं काम आधीच उरकलं होतं. मुलीला ‘फील्य’ म्हणायचे, ते ‘फीय’ झालं. कोशकार एमिल लित्रे 19व्या शतकात ‘फीय’ चूक म्हणून बजावत होते, आणि पॅरिस खुशाल ‘फीय’ म्हणत होतं. शुद्धलेखनवाले सगळीकडे सारखेच!

पण वर्गात मला सगळ्यात जास्त काम देते ती चावी. आपली, कुलपाची. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लावेम’. यातल्या ‘क्ल’मधला ल टाळूकडे सरकला आणि प्रत्येक भाषेने आपापली वाट धरली. इटालियनने ल टाकला, क ठेवला: ‘क्यावे’. स्पॅनिशने क टाकला, ‘ल्य’ ठेवला. त्याचं आज ‘याबे’ झालं. फ्रेंच ‘क्ले’ म्हणत राहिली, ल जिथल्या तिथे. पोर्तुगीजने दोन्ही एकत्र मळून च केला, आणि गोव्याच्या बाजूने आलेल्या पोर्तुगिजांकडून तो शब्द आपण घेतला. आज लिस्बनमध्ये किल्ली मागायला गेलात तर ‘शाव’ ऐकू येईल. तिथल्या चचा पुढे श झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांत तेवढा च टिकून आहे. म्हणजे लिस्बनने टाकलेला उच्चार आपल्या घराच्या खुंटीवर लटकतोय.

एवढं सांगूनही कोणी म्हणतं, “पण अक्षर एक आणि उच्चार दोन, हे कसं चालतं?” मग मी फळ्यावर ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ लिहिते आणि मोठ्याने वाचायला लावते. पहिल्यात जीभ दातांमागे, दुसऱ्यात टाळूला. ई आला की च टाळूकडे ओढला जातो. इटालियनमध्ये मित्र ‘आमीको’, मित्र अनेक झाले की ‘आमीची’. तिथेही ओढणारा तोच, ‘इ’. वर्ग दोन मिनिटं पुटपुटत बसतो. कित्येकांना आपण दोन वेगवेगळे च बोलतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

शिकवते मी ‘पोयो’च, कारण ते सगळीकडे चालून जातं. एकाची पाराग्वेला बदली झाली, त्याच्याकडून मात्र ‘ल्य’ घोटून घेतला. तिकडे तो अजून कानावर पडतो. ब्वेनोस आयरेसला जाणाऱ्यांना मी शामोसाहेबांची गोष्ट सांगते.