कादंब जायच्या दिवसांत

मार्चचा तिसरा आठवडा, रविवार

ऊन तापायच्या आत उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावला पोचायचं म्हणून अंधारातच पुणं सोडलं. काठावर फ्लेमिंगो बघायला आलेल्या गाड्यांची रांग होतीच. होडीवाल्या मामांना म्हटलं, आज फ्लेमिंगो नकोत, कादंब दाखवा. कादंब म्हणजे हिवाळ्यात इथे येणारे रानहंस, इंग्रजीत बार-हेडेड गूज.

"ऱ्हायलेत का बघू," म्हणाले. "पाडव्याच्या टायमाला निम्मे गेलेले असत्यात, ताई."

उजनीचं पाणी बरंच ओसरलंय. उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत आलंय आणि त्यात पट्टकादंब चरत होते. दीडदोनशे तरी असतील. मामांनी इंजिन बंद केलं आणि बांबू टेकवत होडी अलगद पुढे नेली.

हिमालय ओलांडणारा पक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य येतं. प्रत्यक्षात तासभर दिसलं ते खाणं. मान खाली, चोच तिरकी, गवताच्या पात्याला बारीकसा हिसका, दोन पावलं पुढे, पुन्हा हिसका. डोक्यामागचे दोन काळे पट्टे तेवढे सतत वरखाली. मधूनच एखादा नर मान जमिनीलगत ताणून शेजारच्या कुटुंबावर धावून जायचा, 'आँग आँग' असा कालवा व्हायचा आणि मिनिटभरात सगळे पुन्हा गवतात. ही भांडणं बघताना मला आमच्या सोसायटीतलं पार्किंग आठवलं.

पण नीट बघितलं तर जाण्याची तयारी अंगावरच दिसते. शेपटीखालचं पोट जड होऊन लोंबलेलं असलं, की पक्ष्यानं चरबी साठवलीय असं समजायचं. आज असे जाडजूड बरेच होते. पुढचा प्रवास याच चरबीवर. घारीगिधाडांसारखं हवेवर तरंगणं यांच्या नशिबात नाही, अख्खी वाट पंख मारतच जायचं. इथून उत्तरेला, मग हिमालयापलीकडे तिबेटच्या, मंगोलियाच्या तळ्यांवर. काही लडाखच्या त्सो मोरीरीलाही घरटी करतात.

एव्हरेस्टवरून उडतात, हे मात्र जरा जास्तच रंगवून सांगितलं जातं. उपग्रहानं माग काढलेल्या कादंबांपैकी एकानं ७,२९० मीटर गाठल्याची नोंद आहे, पण एवढ्या उंचीवर ते क्वचितच जातात. २०१५ साली आलेल्या अभ्यासात तर दिसलं की ते डोंगराच्या अंगाअंगानं खालीवर करत जातात. कमावलेली उंची खुशाल सोडतात आणि पुढे पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारायला इतके कष्ट पडतात, की तेच स्वस्त पडतं. मला हे जास्त आवडलं. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही विरळ हवेतला प्राणवायू चांगला धरून ठेवतं. आणि हिमालयाची चढण बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना धरायला काही मिळतं.

नऊच्या सुमारास कडेच्या दहाबारा जणांनी चरणं थांबवलं. माना ताठ. एकानं डोकं झटकलं, मग दुसऱ्यानं, मग सगळेच. उठले! मी दुर्बीण डोळ्यांना गच्च लावली. पाण्यावरून एक मोठी चकरी, आणि परत त्याच गवतात येऊन उतरले. मामा हसले. "रोजचं हाय ह्यांचं."

तेवढ्यात दुसरी होडी जवळ आली. हातभर लेन्स लावलेल्या एका काकांनी ओरडून विचारलं, "हे निघताना कधी दिसतील हो?"

"रात्रीचं जात्यात, साहेब. सकाळी आलं की कमी झालेलं दिसत्यात."

काकांचा चेहरा पडला. मामांनी लगेच सावरून घेतलं. "उडतानाचा फोटोच पायजे ना? मग फ्लेमिंगोकडं चला. तिकडं आत्ता पायजे तेवढं उडतंय."