सीएसएमटी ते कर्जत, शिवाजी पार्कातूनच

जून, दुसरा सोमवार

उद्यान गणेशाला नमस्कार करून पळायला लागले आणि पुढचा कोपरा यायच्या आधीच कट्ट्यावर बसले. छाती भात्यासारखी चालली होती. शेजारी बसलेल्या काकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "पहिलाच दिवस?"

पहिलाच. वय ४४, वजन ७६, उंची पाच फूट दोन इंच. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के. ५.७ ला धोक्याची हद्द सुरू होते आणि ६.५ ला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, "आलेला नाहीये, पण जिना चढतोय." मग टेप काढून कंबर मोजली, ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० ची मर्यादा सांगतात. टेप गुंडाळताना ते माझ्याकडे बघत नव्हते, हे त्यांचं सौजन्य.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने सहानुभूती दाखवण्याऐवजी कॅल्क्युलेटर काढला. पळताना किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी जळते. म्हणजे माझ्या ७६ किलोला किलोमीटरमागे ७६. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी. भागाकार आला १०१.

"म्हणजे सीएसएमटी ते कर्जत," तो म्हणाला. मध्य रेल्वेचे किलोमीटर त्याला पाढ्यांसारखे पाठ आहेत. "कर्जत बरोबर १०० वर. एक किलो कमी करायचं तर कर्जतपर्यंत पळायचं. चाललीस तर ते अंतर अर्धं धरणार."

किती क्रूर हिशेब! पण भिंतीवरच्या कालनिर्णयात आजच्या चौकोनात मी पेन्सिलीने 'मशीद' लिहिलं, सीएसएमटीनंतरचं पहिलं स्टेशन. त्याच्या मते तेही उदार मनाने.

आषाढी एकादशी

लेकीने फोनवर नऊ आठवड्यांचा कार्यक्रम घालून दिलाय. पूर्ण आडवं पडलेल्या माणसाला हळूहळू पाच किलोमीटरवर नेणारा. १९९६ पासूनचा आहे म्हणे, तिच्या जन्माआधीचा. सुरुवातीला एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला. मला ते बाळबोध वाटलं म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दोन पायऱ्या एकदम चढले. दहाव्या दिवशी दोन्ही नडग्यांना आतल्या बाजूने अशी कळ लागली की ऑफिसात जिना उतरताना कठडा धरावा लागला. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूंची बांधणी तेवढ्या लवकर होत नाही. दोन आठवडे बंद. कालनिर्णयात गाडी घाटकोपरला उभी.

आज परत सुरू केलं. पाऊस भुरभुरत होता, पार्कातली लाल माती बसलेली, हवा धुतल्यासारखी. या वेळी ठरवलं, सतराचा पाढा न अडखळता म्हणता येईल इतक्याच वेगाने पळायचं. सतरा पंचे पंच्याऐंशीला धाप लागली की वेग कमी. हा वेग इतका कमी निघाला की रेनकोट घातलेले, हातात छत्री घेतलेले एक आजोबा मला मागे टाकून गेले. चालत. जाताना म्हणाले, "ताई, गुडघे सांभाळा हो." हौशी पळणाऱ्यांचे गुडघे बैठ्या माणसांपेक्षा लवकर झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हे मी कालच वाचलं होतं. पण सांगायचं तर आजोबांना गाठायला हवं होतं.

लाज वाटली. खोटं कशाला लिहू? कॉलेजातल्या मुली भरकन जातात, क्रिकेटची पोरं किटबॅग सांभाळत बाजूला होतात आणि आपण मधोमध लटपटत असतो. तिसऱ्या फेरीला मात्र लक्षात आलं की पाढा संपला, मी अजून पळतेय, आणि मला कुणीही बघत नाहीये. कट्ट्यावरचे काकासुद्धा पेपरच वाचत होते.

घरी आले तर सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती, वर दाण्याचा कूट, तूप, बाजूला बटाट्याचा कीस. "पळून आलीस, घे अजून." एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आमच्याच घरात तयार झाली असावी.

गणपती बसायला चार दिवस

बदलापूर पार केलं. ७४ किलोमीटर. आज काट्यावर उभी राहिले. ७६.३.

उतरले, काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला, परत चढले. ७६.३.

नवऱ्याच्या हिशेबाने पाऊण किलो तरी जायला हवं होतं, इथे तीनशे ग्रॅम वाढले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नव्याने व्यायाम करणाऱ्याचे स्नायू साखरेचा साठा वाढवतात आणि त्याबरोबर पाणीही धरून ठेवतात, तेव्हा थोड्या वजनाचं मनावर घेऊ नका. मग थांबून म्हणाले, "आणि खाणं?"

तिथे मी गप्प.

संध्याकाळी वही घेऊन बसले. पार्काची एक फेरी बाराशे मीटरला थोडी कमी, म्हणजे माझ्या नव्वदेक कॅलरी. हे माप घेऊन स्वयंपाकघरात शिरले. वडापाव तीन फेऱ्यांच्या वर जातो. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी, पावणेदोन फेऱ्या. आणि हे रोज, पळते मात्र मी आठवड्यातून तीनदा. ऑफिसात पाच वाजता फरसाणाचा डबा फिरतो, त्यातल्या मुठी मी कधी मोजल्याच नव्हत्या. जूनपासून त्या वाढल्याही होत्या, कारण 'आज पळालेय ना'. रात्री आमटी छान झाली म्हणून पुन्हा भात. थोडक्यात, मी कर्जतच्या गाडीत बसून रोज संध्याकाळी ठाण्याहून परत फिरत होते.

साखर एकदम सोडली नाही, दोनाची एक केली, चहा चाराचे दोन. फरसाणाचा डबा आला की उठून पाणी भरायला जाते. रात्रीचा दुसरा भात बंद. मोदकांना यातून सूट आहे. हे मी आधीच जाहीर करून टाकलं, नाहीतर घरात महाभारत झालं असतं.

डिसेंबर, रविवार

कर्जतला पोचून परत सीएसएमटीला आले, आता पुन्हा निघालेय. आज गाडी वांगणीला, म्हणजे एकूण २७९ किलोमीटर. वजन ७२.४. कंबर ८८, अजून आठ सेंटिमीटर बाकी आहेत. नवरा म्हणतो, २७९ चे पावणेतीन किलो पळण्याचे, उरलेलं फरसाणाचं. पळण्याच्या पावणेतीन किलोंवरही माझा फारसा विश्वास नाही. चहा-भात तसेच ठेवून पळत राहिले असते तर तेही पोटातच परतले असते. पण नडग्या आता दुखत नाहीत, आणि दादरचा पूल चढून आल्यावर बोलता येतं. ऑगस्टपर्यंत मी वर पोचल्यावर फोन आल्याचं नाटक करायचे, म्हणजे उभं राहायला निमित्त.

बूट मात्र नवे घ्यावे लागले. पहिले घेताना विक्रेत्याने 'वापरून सैल होतील' म्हणून अर्धा नंबर लहान गळ्यात मारले, त्याची किंमत म्हणून एका अंगठ्याचं नख काळं पडलंय. पळताना पाय फुगतात, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, हे मला नखाने शिकवलं.

थंडी पडल्यापासून पार्कात धूळ उडते. आज रुमाल बांधून तीन फेऱ्या केल्या, ३३ मिनिटं. छत्रीवाले आजोबा आता माकडटोपीत असतात. सरळ रस्त्यावर मी त्यांच्या पुढे जाते, पाणी प्यायला थांबले की ते हात हलवत निघून जातात. गुडघ्यांबद्दल त्यांनी पुन्हा काही विचारलेलं नाही.

सासूबाईंचं माहेर नेरळचं. कालनिर्णयापाशी त्या रोज चष्मा लावून उभ्या राहतात. आज विचारलं, "कुठवर आलीस?"

"वांगणी."

"म्हणजे पुढच्या खेपेला शेलू, मग नेरळच." पेन्सिलीच्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. "त्या दिवशी मला उठव. मी येते कट्ट्यावर बसायला. आणि नेरळला गाडी जरा थांबू दे, लगेच कर्जत कर्जत करू नकोस."

उद्या सोमवार, सुट्टी. चौकोन रिकामा ठेवलाय.