तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञाची नोकरी सोडून ॲपमध्ये कशाला?

पहिल्यांदा विचारलं ते काकूने, एका डोहाळजेवणात, सगळ्यांसमोर. "अगं, चांगली हॉस्पिटलची नोकरी होती, आता फोनवर बसून लोकांना काय खायचं ते सांगतेस?" पुढे आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलींनी विचारलं, जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, तर सांगते. झेरॉक्समुळे.

हॉस्पिटलात माझ्या टेबलाच्या खणात आहाराच्या झेरॉक्स कागदांचे तीन गठ्ठे असायचे: दिवसाला 1200, 1500 आणि 1800 कॅलरी. डॉक्टरांकडून पेशंट यायचा, मी त्याचं वजन बघून एक कागद काढायचे, 'साखर, गूळ, मध बंद'खाली पेनाने दोनदा रेघ मारायचे. दहा मिनिटं. कागदाची घडी फाइलमध्ये जायची. तो माणूस तीन महिन्यांनी आलाच तर डॉक्टरांकडे यायचा, कारण माझ्याकडे यायचे वेगळे पैसे पडायचे. सहा वर्षं मी 'ज्वारीची भाकरी 1, मोड आलेली कडधान्ये 1 वाटी' वाटत होते. त्यातली किती खाल्ली गेली, देव जाणे.

मग 2020 आलं. ओपीडी बंद झाली आणि आम्हाला पेशंटना फोन करायला सांगितलं. एका बाईंशी बोलताना मागे कुकरची शिट्टी झाली. "काय शिजतंय?" मी सहज विचारलं. सहा वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता! दुसऱ्या वर्षी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत मुलाखत दिली. मधुमेहींना ॲपवरून आहाराची मदत, डॉक्टर वेगळे, आम्ही पाच आहारतज्ज्ञ.

पहिले दोन महिने पोळीत गेले. ॲपच्या यादीत 'रोटी' ही एकच नोंद. मी विचारलं, कोणती? फुलका की घडीची? कोड लिहिणारी मुलं माझ्याकडे बघत राहिली. घरून किचनचा काटा नेला. माझ्या कणकेचा गोळा 28 ग्रॅम, सासूबाईंचा 45, वर घडीत तेल. ("पोळी पोळीसारखी दिसायला हवी," हे त्यांचं मत अजून कायम आहे.) म्हणजे 'दोन पोळ्या खातो' म्हणणारा माणूस तीन खात असू शकतो, तेही खोटं न बोलता.

दुसरं भांडण बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्यावरून झालं. 22 आला की ॲप हिरवा रंग दाखवून शाबासकी द्यायचं. पुण्यात बसून हे? इथल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी ब्रिटिशाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तो फोटो मी मीटिंगमध्ये लावला. पुढच्या बदलात कमरेचं माप आलं: पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्यावर गेलं की हिरवा रंग नाही. "मी तर बारीक, मला कसा डायबेटिस?" म्हणणाऱ्यांना आजही तोच फोटो दाखवते.

पण इथे टिकून राहिले त्याचं खरं कारण भोसरीतला एक माणूस. कारखान्यात कायम तिसरी पाळी, वय चाळिशीचं. गोड खात नाही म्हणाला. त्याच्या दंडावर सेन्सर लावला होता. कातडीखाली बारीक तंतू जातो आणि चौदा दिवस साखरेचा आलेख फोनवर येत राहतो. रोज पहाटे सव्वातीननंतर आलेख डोंगरासारखा चढायचा. फक्त दोन रात्री सपाट, दोन्ही गुरुवारच्या. गुरुवारी तिकडे एमआयडीसीला सुट्टी! विचारलं, तीनला काय खाता? "काही नाही, मॅडम. चहा. आणि खारी. खारी कुठे गोड असते?"

चहा मशीनचा, साखर आधीच घातलेली. खारी मैद्याची. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगते, पहाटेचे तीन सांगत नाही. माझ्या झेरॉक्समध्येही तीनची ओळ नव्हती, तो कागद दहा वाजता झोपणाऱ्यांसाठी लिहिलेला. चहा सोडायला मी सांगितलं नाही. रात्री तीनला मशीनवर चारजणांबरोबर उभं राहणं हीच त्याची सुट्टी. खारीच्या जागी खिशात भाजलेले चणे आले, कप अर्धा झाला. डोंगराची टेकडी झाली. तीन महिन्यांत एचबीएवनसी 8.4 वरून 7.1. सगळं श्रेय माझं नाही, डॉक्टरांनी मधे गोळीही बदलली होती.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. एके वर्षी आम्हाला प्रोटीन पावडर खपवायचं टार्गेट दिलं. मी ते तीन महिने पुरं केलं नाही आणि तिन्ही महिने ऐकून घेतलं. दर आहारतज्ज्ञामागे पेशंट वाढत वाढत 140 झाले. एवढ्या लोकांच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. पैसे आटले तेव्हा नऊजणींतल्या पाचजणींना पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर निरोप मिळाला. मी राहिले, का ते मलाही कुणी सांगितलं नाही. ते पॅकेट विकणं पुढे बंद झालं. 140 मात्र तसेच आहेत, आणि दिवसाला दोन-तीन ताटांचे फोटो मी न बघताच 'छान' म्हणते, हे मला माहीत आहे.

काकूला यातलं काही सांगितलं नाही. पगार बरा आहे म्हटलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.