खुली जवारी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्याकडे गाणं ऐकायला येणारे बहुतेक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच. फ्यूजन म्हटलं की मी उठून जाते, सतार आणि गिटारच्या जुगलबंदीची सीडी कुणी भेट दिली तर ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असते. मग कपाटात सुती कापडात गुंडाळून ठेवलेली ही रॉकची रेकॉर्ड कसली?

ती जॉन बर्बेरियनची. नाव 'मिडल ईस्टर्न रॉक', साल १९६९, काढली अमेरिकेतल्या व्हर्व्ह फोरकास्ट या रेकॉर्ड कंपनीने. बर्बेरियन न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला आर्मेनियन, ऊद वाजवणारा, तेव्हा तिशीच्या आतला. माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून येताना दोन स्वेटरांच्या मध्ये घालून ती आणली. "तुला तारांचं वेड आहे ना, मग हे ऐक," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही.

ऊद पाहिला नसेल तर डोळ्यांसमोर आणा: उभ्या चिरलेल्या नासपतीसारखं पोट, आखूड मान, मागे मोडल्यासारखं वळलेलं डोकं. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. आपल्या उदबत्तीतला ऊदही तोच शब्द. बहुतेक उदांना अकरा तारा असतात, पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. मानेवर पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या नाहीत, सरोदासारखंच. बोट सरकलं की स्वर सरकतो, आणि पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधले स्वर तिथे आपल्या घरी असल्यासारखे बसतात. पण एक अडचण आहे. उदाचा स्वर टिकत नाही. तार छेडली की क्षणभर गोल, लाकडी आवाज येतो आणि पोटात विरून जातो. म्हणून वादक लांबट लवचिक पट्टीने एकाच स्वरावर भराभर वरखाली करत राहतो, विझू पाहणाऱ्या चुलीवर फुंकणी धरावी तसा.

आता फझ गिटार. १९६०च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या टेबलाचा एक चॅनल बिघडला आणि त्यातून गिटारचा आवाज फाटून, गुरगुरत बाहेर आला. ऐकणाऱ्यांना तो बिघाड इतका आवडला की १९६२ सालापासून तो मुद्दाम घडवणारी पेटी बाजारात आली, पायाने दाबायची. आत घडतं ते असं: आवाजाची लाट इतकी फुगवायची की तिचा माथा सपाट कापला जावा. माथा कापला की मूळ स्वराच्या डोक्यावरचे बारीक बारीक स्वर बाहेर पडतात, आवाजाला खरखर येते, आणि मुख्य म्हणजे स्वर विरायचं नाव घेत नाही. सेकंदामागून सेकंद तो तसाच उभा राहतो.

म्हणजे एक वाद्य ज्याचा स्वर लगेच मरतो, आणि एक ज्याचा मरतच नाही. या रेकॉर्डच्या पहिल्याच रचनेचं नाव 'द ऊद अँड द फझ' आहे. बर्बेरियनने नाव शोधायला लांब जायची गरज ठेवली नाही.

गिटारवर जो बेक आहे. तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती, पण १९६७च्या डिसेंबरात जॅझमधला मोठा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्याबरोबर त्याचं ध्वनिमुद्रण होऊन गेलं होतं. गिटारला पडदे असतात, त्यामुळे उदाचे सरकते स्वर तिला थेट मिळत नाहीत. बेक तार ओढून, ताणून त्या स्वरांपर्यंत जातो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. १९६५ नंतर इंग्रजी-अमेरिकन रॉकमध्ये सतारीची लाट आली होती, पण बऱ्याच गाण्यांत सतार पाहुणी म्हणून यायची, दोन ओळी वाजवून परत जायची, ताटात डावीकडे वाढलेल्या चटणीसारखी. आपल्याकडचं पुष्कळसं फ्यूजनही असंच आहे, फक्त चटणी आणि भाजीची जागा बदललेली. मला राग येतो तो याचा. बर्बेरियनच्या रेकॉर्डमध्ये घर उदाचं आहे. चाली त्या मुलखातल्या, ताल त्या मुलखातला. गिटार पाहुणी आहे, आणि चांगला पाहुणा घरात कसा वावरतो ते बेकला कळलेलं आहे.

हे घर उभं कुठून राहिलं, तेही सांगायला हवं. १९१५च्या, तुर्की साम्राज्यातल्या संहारातून वाचलेले आर्मेनियन अमेरिकेत पोचले ते अनातोलियाचं संगीत बरोबर घेऊन. पुढे पन्नास-साठच्या दशकांत मॅनहॅटनच्या एट्थ ॲव्हेन्यूवर क्लबांची रांग होती, आणि तिथे ग्रीक, आर्मेनियन, तुर्क, अरब, ज्यू वादक एकाच रंगमंचावर बसून पहाटेपर्यंत वाजवायचे. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं, ते एकमेकांच्या चाली पाठ करत होते. इस्तंबूलचे अंध आर्मेनियन उस्ताद ऊदी ह्रांत त्याच काळात अमेरिकेत येऊन वाजवून गेले, आणि तिथल्या तरुण ऊदवादकांच्या एका पिढीने त्यांना मनोमन गुरू केलं. या रेकॉर्डमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा सूरेन बरोनियन याच जगातला. एका कानाने जॅझ, दुसऱ्याने आर्मेनियन लग्नातली क्लॅरिनेट. त्यांना मिलाफ करायचा नव्हताच. ते आधीपासून दोन्हीकडे राहत होते.

आणि त्यांचे शब्द! अमेरिकेतले आर्मेनियन या नाच-गाण्याच्या मैफलीला 'केफ' म्हणतात. आपला कैफ तो हाच. ऊदवादक चालीआधी एकटा बसून जी मोकळी आलापी करतो, तिचं नाव तकसीम. जुन्या जमिनीच्या कागदांत भावाभावांची 'तक्षीम' वाचली असेल कुणी, ती याचीच बहीण. ज्याला आपण राग म्हणू त्याच्या जवळ जाणारा त्यांचा मकाम, आणि आपण एसटीच्या वेळापत्रकात वाचतो तो मुक्काम, दोन्ही एकाच अरबी मुळाचे. स्वर कुठे थांबतो, कुठे रात्र काढतो, त्यावर मकामाची ओळख ठरते. हे कळलं तेव्हा मी वही काढून तो शब्द तीनदा लिहिला होता.

एका रचनेच्या नावातच बेरीज आहे: तीन अष्टमांश अधिक पाच अष्टमांश बरोबर आठ अष्टमांश. आठ मात्रा तर आपल्या भजनी ठेक्याच्याही. पण इथे तीन आणि पाच वेगळे धरायचे, आणि हाताने टाळी देत ऐकायला बसलात तर पहिल्या खेपेला हात हमखास चुकतो. दुसरी एक आहे, 'चेम ऊ चेम', आर्मेनियन गाणं. अर्थ साधारण 'नाही म्हणजे नाही'. 'फ्लाइंग हाय'मधला हाय म्हणजे आर्मेनियन माणूस, ते स्वतःला याच नावाने ओळखतात. सगळ्याच रचना मला सारख्या आवडत नाहीत. काही ठिकाणी ड्रम जरा आडदांड आहेत. चालतं.

उरलेलं अर्धं उत्तर माझं नाही.

मी मिरजेत राहते, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शेजारचे काका आयुष्यभर जवारी काढत आले. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने इतका बारीक घासायचा की तार त्यावर नुसती टेकू नये, हलताना त्याला चाटत राहावी. मग स्वराला ती झणझण येते, आणि एका तारेतून दहा स्वर ऐकू येतात. माझा तंबोरा दुरुस्त करून एका दुपारी ते द्यायला आले, तेव्हा ही रेकॉर्ड लागलेली होती. चहा ठेवेपर्यंत ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "याला पडदे नाहीत." मी हो म्हटलं. एवढ्यात बेकची गिटार गुरगुरत आत आली. काकांना त्रास होईल म्हणून मी आवाज कमी करायला उठले, तर त्यांनी हात वर केला.

"राहू दे. जवारी खुली ठेवलीय त्यानं. फार खुली."

"काका, ती विजेची पेटी आहे. पायाने दाबतात."

"असेल. काम तेच करतीय." त्यांनी बोटाने हवेत घोडीचा उतार काढून दाखवला. "पहिलं वाद्य बंद आवाजाचं, गोल. म्हणून दुसरं खुलं लागतं. दोन तंबोरे आम्ही असेच जुळवतो की. दोन्ही खुले केले तर गाणाऱ्याला काय उरलं?"

मी कितीतरी महिने ती रेकॉर्ड ऐकत होते आणि मला ती का आवडते ते सांगता येत नव्हतं. काकांनी चहा निवायच्या आत सांगितलं.

चहा झाल्यावर त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, खर्जाच्या तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सारला, छेडली, पुन्हा मागे आणला, पुन्हा छेडली. आवाज हवा तसा उघडल्यावर मान वर केली.

"आता ते पहिलं परत लाव, पोरी."