कुंभार्ली घाट, दमलेली गाडी आणि एक वायसर
मे महिन्यात चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात आमची पेट्रोल गाडी एकदम मलूल झाली. आवाज नाही, धूर नाही, नुसती ओढच नाही, दुसऱ्या गिअरवर रखडत वर पोचलो आणि समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा. कराडला स्कॅनर लावला तर कोड पी ०३२७, म्हणजे इंजिनातली टकटक (नॉक) ऐकणाऱ्या नॉक सेन्सरचा सिग्नल कमी.

बाबांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला चढावर टकटकटक आवाज यायचा, लगेच बाबा म्हणायचे "नॉकिंग होतंय, गिअर खाली घे". स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कडेला उरलेलं मिक्श्चर दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं, त्याच्या दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात, तोच हा आवाज. जास्त दिवस चाललं तर पिस्टनच फुटतो. तेव्हा मेकॅनिक स्पार्क वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग मागे घ्यायचा, म्हणजे स्पार्क जरा उशिरा पडेल असं करायचा, पण मग ते सपाट रस्त्यालाही मागेच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि दम कमी.

आता इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला पिझो सेन्सर असतो, थरथर झाली की विजेचा सिग्नल देणारा. ८०-८५ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात नॉकची थरथर साधारण ६-७ किलोहर्ट्झला येते, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, प्रत्येक स्पार्कनंतर क्रँक फिरण्याच्या ठरावीक अंशांतच ती ऐकतो, कारण व्हॉल्व्ह आपटल्याचा आवाजही त्याच ब्लॉकमधून येत असतो. नॉक सापडला की त्याच सिलिंडरचा स्पार्क काही अंश झटकन मागे, आणि मग हळूहळू, जरा जरा करत परत पुढे, पुन्हा नॉक येईपर्यंत. मला हे फार आवडतं, इंजिन कायम काठावर चालतं पण पडत नाही. स्वीडनच्या साब या गाड्यांच्या कंपनीने तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच असा सेन्सर लावून नॉक आला की टर्बोचं (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) प्रेशर कमी करायची सोय केली होती.

आणि सेन्सरला नीट ऐकूच आलं नाही तर ईसीयू धोका न पत्करता टायमिंग सरसकट मागे ठेवतो. आमचं तेच झालेलं. मार्चमध्ये एका गॅरेजात इंजिनचं काम केलं होतं, तिथे सेन्सर परत लावताना खाली वायसर टाकला होता. सेन्सर साफ केलेल्या धातूवर थेट बसायला हवा, मध्ये काहीच नको, आणि बोल्ट साधारण २० न्यूटन मीटरला आवळायचा, अंदाजाने पाना मारून नाही, जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच.

वायसर काढला, कोड पुसला. परवा तोच घाट एसी चालू ठेवून तिसऱ्या गिअरवर चढलो.