पायाखालच्या पाट्या

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराच्या ग्रीनवुड ॲव्हेन्यूवर मी बराच वेळ मान खाली घालूनच चालत होते. फुटपाथमध्येच धातूच्या छोट्या पाट्या बसवल्यात. दुकानाचं नाव, १९२१ मध्ये नष्ट झाल्याची नोंद आणि शेवटी एवढंच: पुन्हा उघडलं, किंवा उघडलं नाही. शिंपी, हॉटेल, डॉक्टर... ‘उघडलं नाही’ वाचलं की पाय आपोआप बाजूला पडायचा.

३१ मे आणि १ जून १९२१. गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या या भरभराटीच्या वस्तीतले सुमारे ३५ ब्लॉक जाळले. वर त्याच वर्षी ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, दोष कृष्णवर्णीयांवरच ढकलला! पुढे कित्येक दशकं शहर गप्प. २०२१ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा ‘ग्रीनवुड रायझिंग’ हे इतिहास केंद्र उभं राहिलं. चांगलंच आहे ते. पण मला पाट्याच जास्त बोलल्या. त्यांना तिकीट नाही, दारही नाही.

व्हर्नन चर्चचं तळघर तेवढं आगीतून वाचलं. बाहेर थांबले, तर जवळच्या उड्डाणपुलावरून गाड्यांचा अखंड घरघराट. पुन्हा उभ्या राहिलेल्या ग्रीनवुडमधूनच पुढे हा महामार्ग काढला.

१९२१ च्या त्या हल्ल्यातल्या बळींच्या शोधात ओकलॉन दफनभूमीत निनावी कबरींचं उत्खनन २०२० मध्ये सुरू झालं. तिकडे मात्र मी गेले नाही.