विजयदुर्गात पुणेकराने जरा गप्पच बसावं

कोकणात गेलं की आम्हा पुणेकरांना इतिहास सांगायची भारी हौस, पण विजयदुर्गात जपून बोला. किल्ल्याखालच्या खानावळीत काकांनी सुरमई वाढता वाढता विचारलं, कुठचे? म्हटलं पुण्याचे. "म्हणजे तुमच्या पेशव्यानच बुडवल्यान ना आरमार!" आणि सोलकढी आणायला आत गेले. आता यावर काय बोलणार.

किल्ला जबरदस्त आहे, तीन बाजूंना पाणी, एकात एक तीन तटबंद्या, महाराजांनी १६५३ ला आदिलशाहीकडून घेतलेला. पण मला खरी मजा आली ती वाघोटन खाडीत, थोडं आत खडक फोडून केलेली आंग्र्यांची, म्हणजे मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या घराण्याची, गोदी आहे तिथे. बहुतेक लोक बघतच नाहीत, तटावर सेल्फी काढून मालवणला पळतात. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, उथळ तळाच्या, खाडीत सहज शिरायच्या, आणि वारा पडला की छोटी गलबतं वल्ही मारत त्यांना ओढत न्यायची आणि इंग्रजांचं मोठं जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी, मग मागून तोफा. कान्होजी, मग त्यांची मुलं, सगळ्यांनी असाच छळ मांडला होता मुंबईकर इंग्रजांचा.

आणि मग फेब्रुवारी १७५६. समुद्रातून इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार, जमिनीवर क्लाइव्ह आणि शिवाय नानासाहेब पेशव्यांची फौज. एक गोळा पडला तो नेमका आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेल्या जहाजावर, जहाजं सगळी खेटून उभी, आग पसरत गेली आणि अख्खं आरमार खाक. लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना त्यातलं काही नाही, किल्ला मिळाला तोही नंतर, बाणकोट इंग्रजांना देऊन. आणि हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला!

मित्र कराडपर्यंत वाद घालत होता की तुळाजी, म्हणजे कान्होजींचा मुलगा, तेव्हा विजयदुर्ग त्याच्याच ताब्यात, काय साधा होता का, मराठी मुलखातच लुटालूट करायचा, पेशव्यांना जुमानायचा नाही. खरंय ना, नाही कोण म्हणतंय. कैदेत टाकला तुळाजीला, मरेपर्यंत ठेवला, ठीक. पण घरच्या भांडणात जहाजं कशाला जाऊ द्यायची राव? ती तर ताब्यात घ्यायची ना! इंग्रजांना बोलावल्यावर ती शाबूत राहतील असं वाटलंच कसं शनिवारवाड्यात बसून, हे मला अजून झेपलेलं नाही.

असो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय किल्ला, म्हणजे गर्दी वाढणार, लवकर उरकून घ्या. गगनबावडा-तळेरे मार्गे जा, गाडी लागत असेल तर गोळी घ्या, आणि गोदी ओहोटीलाच बघा.